'होस्ट'चा यजमान करू नका

प्रश्न असा आहे: ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' या रक्तपिपासू पिशाचाच्या कादंबरीत (१८९७) प्रोफेसर व्हॅन हेल्सिंग पिशाच बनलेल्या लूसीच्या थडग्याच्या दाराच्या फटी 'होस्ट'ने बुजवतो. मराठीत तिथे 'यजमान' चालेल का?

नाही चालणार. इंग्रजीत दिसायला एकच असले तरी हे दोन निराळे शब्द आहेत. पाहुण्यांची सरबराई करणारा होस्ट आला लॅटिन 'होस्पेस'वरून. मिस्सेतला, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीतला, होस्ट आला 'होस्तिया'वरून, आणि होस्तिया म्हणजे बळी. पोर्तुगीजमध्ये तोच 'ऑस्तिया'. आपला 'यजमान'ही मुळात यज्ञातलाच, पण तो यज्ञ करवणारा. म्हणजे बळीच्या जागी थेट यज्ञकर्ताच येऊन बसतो!

मग काय लिहावं? वस्तू म्हणून पाहिलं तर ती गव्हाच्या पिठाची, बेखमीर भाकरीची पातळ चकती. पण 'पवित्र भाकर' मला अपुरं वाटतं. कॅथलिक श्रद्धेनुसार मिस्सेत त्या भाकरीचं बाह्य रूप तेच राहतं, आतलं तत्त्व मात्र बदलून ख्रिस्ताचं शरीर होतं. व्हॅन हेल्सिंग कॅथलिक आहे. चकती कुस्करून तो लांबीसारख्या (फटी बुजवायच्या पुट्टीसारख्या) लगद्यात मळतो तेव्हा सोबतचे लोक हादरतात, ते त्याची ही श्रद्धा ठाऊक असल्यामुळे. म्हणून त्याच्या तोंडी 'ख्रिस्तशरीर' हाच शब्द हवा. 'प्रभुभोजन' हा प्रॉटेस्टंट वळणाचा शब्द आहे, शिवाय तो विधीचा, वस्तूचा नव्हे.

'ख्रिस्तशरीर' म्हटलं की कादंबरीतला उलटा आरसाही स्पष्ट दिसतो. पिशाचाचंही रूप माणसाचंच राहतं, आतलं तत्त्व बदललेलं असतं. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताचं रक्त पिणाऱ्याला सार्वकालिक जीवन मिळतं. इथे दुसऱ्याचं रक्त पिऊन मरण टाळलं जातं. पुढे ड्रॅक्युलाने ग्रासलेल्या मीनाच्या कपाळाला ती चकती लागते आणि कातडी भाजते. तिथे 'यजमान लागला' असं वाचून कुणाला काय कळणार?

थडग्याच्या प्रसंगातला दुसरा शब्द जास्त अवघड आहे. हे ॲमस्टरडॅमहून आणलं, माझ्याकडे 'इंडल्जन्स' आहे, असं प्रोफेसर सांगतो. कॅथलिक शिकवणीत इंडल्जन्स म्हणजे पापाची क्षमा मिळाल्यावरही उरणाऱ्या शिक्षेत मिळणारी सूट. ती कशाचीही परवानगी नव्हे, आणि ख्रिस्तशरीर लांबीत मळण्याची तर नव्हेच. स्टोकर डब्लिनचा, चर्च ऑफ आयर्लंडचा प्रॉटेस्टंट. त्याची इथे गल्लत झाली. पण भाषांतरात 'परवानगी' लिहून ती झाकू नये. 'इंडल्जन्स' तसाच ठेवावा आणि खाली तळटीप द्यावी.