पाठ असते, पण पेपरात आठवत नाही

प्रश्न : माझा मुलगा यंदा दहावीला आहे. चौथीपर्यंत तो गावच्या मराठी शाळेत होता, पाचवीपासून सगळे विषय इंग्रजीतून झाले. रात्री एक वाजेपर्यंत तो पुस्तक घेऊन बसतो आणि मी विचारले की उत्तरे धडाधड म्हणून दाखवतो. पण प्रीलिमला सायन्सच्या पेपरात अर्धे प्रश्न कोरे सोडून आला. त्याच्या वडिलांनी आता शिगम्याच्या रोमटामेळातला (ढोल वाजवत निघणाऱ्या मिरवणुकीतला) ढोलही बंद केला आहे. मी घरी असते तेव्हा त्याच्यापाशी बसून राहते. आणखी काय करावे?
– एक आई, डिचोली तालुका

उत्तर : ताई, आणखी काही करण्याऐवजी जे चालले आहे त्यातले थोडे बदलावे लागेल. तुमचा मुलगा कष्टात कमी पडत नाही. त्याचे कष्ट वाचण्यात जातात आणि परीक्षा मात्र आठवण्याची असते. तेच पान पाचव्यांदा वाचले की ते ओळखीचे वाटू लागते, आणि ओळखीचे वाटते म्हणजे आपल्याला येते, अशी मनाची समजूत होते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून, बाजूला ठेवून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा लिहिणारे पुढे गेले. तुम्ही उत्तरे विचारता ती त्या पाच मिनिटांतली, आणि प्रीलिमने विचारली ती आठवड्यानंतरची.

म्हणून धडा वाचून झाला की पुस्तक मिटून बाजूला ठेवायला सांगा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहू द्या. पहिल्या दिवशी कागद जवळजवळ रिकामा राहील, आणि तो पाहून तुम्ही दोघेही घाबराल. पण काय येत नाही हे त्याच कागदावरून कळते, म्हणून तो फाडू नये. राहिलेले पुस्तकात पाहून निराळ्या शाईने भरावे आणि दोन दिवसांनी, मग आठवड्याने, पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी.

भाषेचा मुद्दा तुम्ही ओघात लिहिलात, माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. पाचवीत माध्यम बदललेली अनेक मुले इंग्रजी वाक्ये मंत्रासारखी पाठ करतात. मधला एक शब्द निसटला की पुढचे सगळे उत्तर अडते, कारण धरून ठेवायला खाली अर्थ नसतो. व्होल्टेज (विजेचा दाब) तेवढाच ठेवून रेझिस्टन्स (अडथळा) दुप्पट केला तर करंट (प्रवाह) निम्मा होतो, हे त्याला आधी मराठीत, किंवा घरी कोंकणी बोलत असाल तर कोंकणीत, तुम्हाला समजावून सांगू द्या. कुळागरातला, म्हणजे सुपारीच्या बागेतला, पाट अरुंद केला की उतार तोच असूनही पाणी कमी येते, एवढे त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटले तर पुढे इंग्रजी वाक्य थोडे मोडकेतोडके झाले तरी उत्तर कोरे राहणार नाही. तुम्हाला सायन्स येत नसेल तर उलट बरेच, “म्हणजे काय रे?” असे मनापासून विचारणारा श्रोता शिकवणीत मिळत नाही. त्याच्यापाशी नुसते बसून राहण्यापेक्षा अशी वीस मिनिटे अधिक उपयोगी पडतील, आणि उरलेला वेळ तुम्ही उठून आपल्या कामाला लागावे, कारण पाठीशी सतत कोणी बसलेले असले की मूल अभ्यास करण्यापेक्षा अभ्यास करताना दिसण्याची काळजी घेऊ लागते.

रात्री एकपर्यंतचे जागरण थांबवा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, आणि दिवसभर शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते, त्यामुळे नऊला अंथरुणात पाठवून उपयोग नाही. दहा-साडेदहा मात्र जमण्यासारखे आहे, संध्याकाळनंतरचा चहा बंद केला आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला तर.

ढोलाविषयी त्याच्या वडिलांचा विरोध पत्करून लिहितो. रोजच्या सरावाला जाऊ नये हे ठीक, परंतु आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी, मात्र दिवस आणि वेळ आधी ठरवून. सगळा गाव मांडावर (उत्सवाच्या ठरलेल्या जागी) जमलेला आणि ढोलांचा आवाज खिडकीतून येत असताना पुस्तकापुढे बसवलेला मुलगा काय वाचत असेल, हे सांगायला नको.

प्रश्न : मी बारावीत आहे. पेपर हातात आला की छाती धडधडते, तळहातांना घाम येतो आणि पहिली दहा मिनिटे काहीच सुचत नाही. घरी सांगितले तर “सगळ्यांना होते” म्हणतात.
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : सगळ्यांना होते हे खरे, पण त्यामुळे तुझे धडधडणे थांबत नाही. श्वास आत घेताना मनात तीनपर्यंत मोज आणि सोडताना सहापर्यंत. श्वास सोडायला जास्त वेळ घेतला की धडधड उतरू लागते. असे पाच-सहा वेळा करून, सर्वांत सोपा वाटेल तो प्रश्न आधी सोडव, मग तो शेवटच्या पानावरचा असला तरी चालेल. ही सवय मात्र आतापासून लाव : घड्याळ लावून, जेवणाच्या टेबलावर, पूर्ण पेपर सोडव, म्हणजे त्या दिवशी सगळेच नवे वाटणार नाही. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर पेपर संपण्याची वाट पाहू नकोस. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि रात्रीही चालू असतो. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेतही दाखवता येते. घरच्यांना हे उत्तर वाचायला दे.