बरा झालो तर लोकांना हसवू कशावर?

उपचार घेतले तर आजाराबरोबर माझी कलाही जाईल का, ही शंका लिहिणाऱ्या-गाणाऱ्या मंडळींकडून समुपदेशक म्हणून मला नेहमी ऐकायला मिळते. स्टँडअप, म्हणजे माइकसमोर एकट्याने उभं राहून विनोद, करणाऱ्यांच्या तोंडी ती जास्त टोकदार होते. त्यांचा मालच मुळी स्वतःची भीती, लाज आणि घरातली भांडणं हा असतो. आपल्या एकपात्रीत कलाकार दहा-वीस पात्रं उभी करतो आणि त्यांच्या आड राहू शकतो. स्टँडअपमध्ये माइकसमोरचा माणूस 'हे सगळं माझंच आहे' असं सांगूनच सुरुवात करतो. खालची हकिगत अशाच एकाची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय २९, डोंबिवलीत आईबरोबर राहणारा, दिवसा विमा कंपनीत क्लेमचे कागद तपासणारा. आठवड्यातून तीन-चार रात्री अंधेरी-खारच्या ओपन माइकवर, म्हणजे नवख्यांनाही माइक मिळतो अशा कार्यक्रमांत, पाच मिनिटांचा सेट (सलग सादरीकरण). तक्रारी ठरावीक होत्या: झोप लागत नाही, छातीत धडधडतं, दिवसभर कुठल्या ना कुठल्या आजाराची शंका. हे दीड वर्षं चाललं होतं. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं तपासून नॉर्मल असल्याचं सांगितलं होतं. चिंतेची जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली असते. तिच्यात २१ पैकी १५ किंवा त्याहून जास्त गुण आले की चिंता तीव्र धरतात. याचे १६ आले. शिवाय स्टेजवर जाण्याआधी दोन पेग लागायचे, ते त्याने सगळ्यात शेवटी सांगितलं.

आणि लगेच अट घातली. "मॅडम, झोपेचं बघा, धडधडीचं बघा. पण डोक्याला फार हात लावू नका. ते बिघडलेलं आहे म्हणून तर लोक हसतात." पुरावा म्हणून त्याने अमेरिकन स्टँडअप कलाकार रिचर्ड लुईसचं नाव घेतलं. काळे कपडे, स्टेजवर येरझारा, केसांतून फिरणारे हात, आणि आईपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांची धास्ती. आमचा हा तरुणही काळ्याच शर्टात आला होता. "तो जन्मभर न्यूरॉटिक, सतत धास्तावलेला राहिला आणि जन्मभर चालला," असं त्याचं म्हणणं.

अशा वेळी आदर्शाला नावं ठेवून काही साधत नाही. त्यापेक्षा त्याच आदर्शाचं आयुष्य वर्षांसकट समोर मांडावं. लुईसचा जन्म १९४७चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. वाढला न्यू जर्सीत. वडील केटरिंगच्या धंद्यात. ते गेल्यावर, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, हा न्यूयॉर्कच्या छोट्या क्लबांत उभा राहू लागला. ऐंशीच्या दशकात टीव्हीवरच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांत, विशेषतः डेव्हिड लेटरमनकडे, तो हक्काचा पाहुणा झाला. १९८९मध्ये त्याने कार्नेगी हॉल हे न्यूयॉर्कचं नावाजलेलं सभागृह गाजवलं. तिथे तो पिवळ्या कागदांची चिकटवून केलेली लांबलचक पट्टी घेऊन गेला होता. सगळे त्याला मनाला येईल ते बोलणारा समजत, आणि त्याच्या हातात हे टिपणांचं भेंडोळं. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण कबुलीजबाबासारखी वाटणारी कॉमेडी आपोआप सांडत नाही, ती लिहावी लागते.

त्यानंतरचा भाग आमच्या तरुणाला माहीत नव्हता. दारू आणि ड्रग्ज इतकी वाढली की नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लुईसने स्टँडअपच थांबवलं. १९९४मध्ये तो व्यसनातून बाहेर आला आणि पुढे २०२४मध्ये हृदयविकाराने गेला तोपर्यंत, जवळजवळ तीस वर्षं, तसाच राहिला. तो स्टेजवर परतला तो या तीस वर्षांत. व्यसनावर त्याने पुस्तक लिहिलं तेही याच काळात. विनोदी लेखक-नट लॅरी डेव्हिडच्या टीव्ही मालिकेत तो २००० पासून 'रिचर्ड लुईस' म्हणूनच कुरकुरत आला, म्हणजे न्यूरॉटिक रिचर्ड लुईस हे पात्र दारू सुटल्यावर चोवीस वर्षं चाललं. एप्रिल २०२३मध्ये पार्किन्सन्स झाल्याचं जाहीर करून त्याने स्टँडअपमधून निवृत्ती घेतली. स्वभाव काळजीखोर राहिला असेल, पण नव्वदच्या दशकात काम बंद पाडलं ते काळजीवर त्याने शोधलेल्या 'औषधाने', म्हणजे दारू-ड्रग्जने. असंच दुसरं उदाहरण अमेरिकन स्टँडअप कलाकार गॅरी गुलमनचं. तीव्र नैराश्यात तो रुग्णालयात होता, विजेच्या झटक्यांचे उपचार घेतले, आणि २०१९मध्ये एचबीओ या अमेरिकन वाहिनीवर त्याच आजारावर अख्खा कार्यक्रम केला. आजारपणात नव्हे, उठून उभा राहिल्यावर.

हे ऐकून तो "बघू" म्हणाला. युक्तिवादाने एवढंच होतं.

खरी अडचण वेगळीच होती. समुपदेशनातही तो सेटच करायचा. विनोदी माणसाबरोबर पहिले काही तास असेच जातात: तो हसवतो, आपण हसतो, वेळ संपते. उदाहरणार्थ, हा किस्सा त्याने घोळवून सांगितला: "रात्री दोनला नाडी मोजतो. बहात्तर. नॉर्मल. मग मला वाटतं, इतकी नॉर्मल कशी? काहीतरी लपवतेय." मी हसले, आणि विचारलं, "बहात्तर निघाल्यावर काय करता?" पुन्हा मोजतो. "मग?" मग आईच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहतो. तिचा श्वास ऐकू येतो का बघतो. यानंतर पंच, म्हणजे हशा काढणारी शेवटची ओळ, आला नाही. सहा वर्षांपूर्वी वडील झोपेतच गेले होते आणि सकाळी चहा घेऊन याच खोलीत तो गेला होता. हे त्याने कुणाला सरळ सांगितलंच नव्हतं.

स्टेजवर सगळं सांगूनही मन हलकं का होत नाही, याचं उत्तर इथे आहे. सेट हशापाशी थांबतो. हशा आला की सांगणाऱ्याला बक्षीस मिळतं आणि त्याच्या पुढचं, जे खरं टोचतं, ते न सांगताच सुटका होते. शंभर वेळा सांगितलेली गोष्टही अशी न सांगितलेलीच राहते. म्हणून आम्ही एक साधा नियम केला: इथे विनोद करायला मनाई नाही, पण प्रत्येक पंचनंतर एक 'आणि मग?' येणार.

बाकीचं काम चिंतेच्या नेहमीच्या पद्धतीचं, त्यात जादू काही नाही. नाडी दिवसाला सरासरी चाळीस वेळा मोजली जात होती, हे त्याने फोनवर टिचक्या मोजून काढलं. एकदम बंद करायला सांगितलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी पळाला असता. मोजावंसं वाटलं की दहा मिनिटं थांबायचं, आठवड्याने वीस. काळजी करायला संध्याकाळची वीस मिनिटं राखून ठेवली, झोपेच्या जवळ नाहीत. तपासण्या नॉर्मल होत्या म्हणूनच पुढची पायरी घेतली: जागच्या जागी मिनिटभर पळायचं, धडधड मुद्दाम येऊ द्यायची आणि ती आपली आपण उतरते हे बघायचं. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं. त्यांनी चिंतेवरची गोळी अगदी कमी डोसने सुरू केली. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या काही दिवसांत मळमळ, बेचैनी उलट वाढू शकते. नेमक्या याच दिवसांत लोक 'मला सूट होत नाही' म्हणून सोडून देतात. काहींना गोळीने सगळंच सपाट झाल्यासारखं वाटतं, हसूही नाही आणि रडूही नाही. ही कलाकारांची भीती खोटी नाही, पण त्यावर डोस किंवा औषध बदलता येतं. आपल्या मनाने अचानक बंद केलं तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होते. स्टेजआधीचे पेगही उतरवले, दोनाचा एक, मग लिंबूसोडा. दारू त्या रात्रीची धडधड दाबते आणि पहाटे चारला दामदुपटीने परत करते.

दीड-दोन महिन्यांत झोप सुधारली आणि तो घाबराघुबरा होऊन आला: नवीन काही सुचतच नाही! बघितलं तर लिहायची वेळच गेली होती. आधी तो रात्री दोनला जागा असायचा, तेव्हा लिहायचा. आता झोपायचा. आटलं होतं ते वेळापत्रक, त्याला प्रतिभा समजून त्याने धसका घेतला. डोंबिवली फास्टमध्ये उभं राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ, लिहिणं कुठलं. म्हणून जेवणाच्या सुट्टीतली पंचवीस मिनिटं ठरली. दोन वह्या केल्या. एकीत कच्चं, जसं झालं तसं, विनोद न घालता. दुसरीत त्यातलं स्टेजचं. पाच मिनिटांच्या सेटला सहाशे-सातशे शब्द पुरतात, हशासाठी जागा सोडायची तर त्याहून कमी.

मधे एकदा तो सपशेल आपटला. नातं तुटून चार दिवस झालेले, आणि त्याने ते तसंच्या तसं माइकवर सांगितलं. लोक हसले नाहीत, पुढच्या रांगेतली मुलगी 'ओह' म्हणाली. याला बॉम्ब होणं म्हणतात, पण हा साधा बॉम्ब नव्हता. सांगणारा सुखरूप आहे अशी खात्री असेल तरच प्रेक्षक त्याच्या दुःखावर हसतो. ती नसेल तर त्याला वाईट वाटतं, आणि वाईट वाटत असताना हसू येत नाही. तेव्हापासूनची कसोटी अशी: गोष्ट आधी समुपदेशनात किंवा जवळच्या मित्रापाशी विनोद न करता शेवटपर्यंत सांगायची आणि अंगातल्या ताणाला शून्य ते दहा गुण द्यायचे. पाचच्या वर असेल तर पहिल्या वहीतच राहू दे.

शोनंतरची रात्र हा वेगळाच छळ असतो. लोकलमध्ये बसून प्रत्येक न हसलेला चेहरा आठवत राहायचा. त्यावर उपाय रेकॉर्डिंगचा, पण त्याच रात्री ऐकायचं नाही. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन ऐकायचं: पहिला हशा कितव्या सेकंदाला आला, मिनिटाला किती आले, कुठली ओळ फुकट गेली. स्टेजवर जाण्याआधी स्वतःचा अंदाजही लिहून ठेवायचा. याचा अंदाज दरवेळी 'कोणी हसणार नाही' असा, आणि फोनमध्ये मिनिटाला तीन-चार हशे. असे आठ-दहा कागद जमल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं.

नाडीच्या किस्स्याला आता पुढचा तुकडा जोडला आहे. मुलगा आईच्या दाराशी श्वास ऐकत उभा आहे आणि आतून आवाज येतो, "जिवंत आहे रे, झोप आता!" सगळ्यात मोठा हशा याच ओळीला येतो, आणि ही ओळ पंचच्या पलीकडे गेल्याशिवाय सापडली नसती.

आता प्रश्न उरला रीलचा. क्लबमधल्या साठ माणसांसमोर सांगणं वेगळं आणि तीच क्लिप मावशीने घरच्या ग्रुपवर टाकणं वेगळं. दुसऱ्याचा आजार, पैसा किंवा भानगड त्याला विचारल्याशिवाय रेकॉर्ड होऊन बाहेर जाऊ नये, इतपत ठरलं. त्याने आईला तो तुकडा वाचून दाखवला. वडिलांचा उल्लेख आल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ठेव, पण माझा आवाज इतका चिरका नाहीये. आवाज बदलला आहे. जीएडी-७चे गुण सहावर आहेत, गोळी अजून चालू आहे. ती कधी कमी करायची हे त्याचे डॉक्टर ठरवतील.

असाच प्रश्न घेऊन घरी बसलेल्यांना एकच सांगणं. विनोदाच्या आडून मरणाचे विचार डोकावत असतील, किंवा मित्राच्या सेटमध्ये ते वारंवार येत असतील, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.