यकृततज्ज्ञाचे दीडशे पेपर: संख्या सोडा, काय मोजलंय ते बघा

प्रश्न असा आहे की एका पोट-यकृत विकारतज्ज्ञाच्या नावावर दीडशे पेपर दिसतात, तर त्यावरून संशोधनाचा दर्जा कसा ओळखायचा. संख्येवरून फारसं कळत नाही. या शाखेत पेपरात नेमकं काय मोजलं, यावर बहुतेक सगळं ठरतं.

आधी यादी त्यांचीच आहे ना, हे तपासा. पबमेडवर (वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत) आडनाव आणि आद्याक्षर टाकलं की त्याच नावाचे दुसरेही लोक येतात. ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, असेल तर त्याने शोधा, नसेल तर संस्थेचं नाव जोडा. फॅटी लिव्हरचं काम असेल तर दोनदा शोधा, कारण 2023 मध्ये या आजाराचं इंग्रजी नाव एनएएफएलडीचं एमएएसएलडी झालं आणि एकाच नावाने शोधलं तर बरेच पेपर निसटतात. मग केस रिपोर्ट, संपादकाला पत्रं, परिषदेतले सारांश बाजूला काढा. मार्गदर्शक सूचनांच्या पेपरला उद्धरणं भरपूर मिळतात, पण ते समितीचं काम असतं. साधारणपणे पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रमुखाचं, त्यामुळे मधल्या नावांवरून वैयक्तिक वाटा ठरवू नका.

आता उरलेल्या पेपरांत मुख्य निष्कर्ष-मापन कोणतं, ते पाहा. 'एएलटी (रक्तात मोजलं जाणारं यकृताचं एन्झाइम) कमी झालं' एवढंच असेल तर सावध राहा. वजन थोडं उतरलं तरी एएलटी उतरतं, त्यावरून यकृतातला व्रण, म्हणजे फायब्रोसिस, कमी झाला असं म्हणता येत नाही. फिब-4, म्हणजे रक्ततपासणीवरून व्रणाचा अंदाज देणारा आकडा, वापरलेल्या पेपरात तर एक छुपी गफलत असते. सूत्र असं: वय गुणिले एएसटी (असंच दुसरं एन्झाइम), भागिले (प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ). दोन्ही एन्झाइम निम्मी झाली आणि प्लेटलेट तेवढेच राहिले, तरी फिब-4 सुमारे 30 टक्क्यांनी घसरतो. व्रण मात्र होता तसाच असू शकतो. 1.3 आणि 2.67 या सीमा धोका चाळण्यासाठी आहेत, औषधाचा गुण दाखवण्यासाठी नाहीत.

बायोप्सीही निर्दोष नाही. सुईने येणारा तुकडा यकृताचा साधारण पन्नास हजारावा भाग असतो, आणि शेजारच्या तुकड्यात व्रणाची पायरी वेगळी निघू शकते. म्हणून प्लासिबो (औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी) घेणारा गट नसलेला 'बायोप्सीत सुधारणा' हा दावा कच्चा समजावा. रेस्मेटिरॉम या फॅटी लिव्हरच्या औषधाच्या चाचणीत 52 आठवड्यांनी व्रण न वाढता यकृतदाह मिटल्याचं 80 मिलिग्रॅम गटात 25.9, 100 मिलिग्रॅम गटात 29.9 आणि प्लासिबो गटात 9.7 टक्के रुग्णांत दिसलं. व्रण किमान एक पायरी सुधारण्याचा आकडा तर प्लासिबोतही 14.2 टक्के होता! प्लासिबो गट नसता, तर तीही औषधाचीच किमया वाटली असती.

सिरोसिस आणि अल्कोहोलिक हिपॅटायटिसच्या पेपरात मृत्यू कोणत्या दिवसापर्यंत मोजले, ते बघा. 2015 च्या स्टोपाह या अल्कोहोलिक हिपॅटायटिसच्या चाचणीत प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने 28 दिवसांचे मृत्यू घटण्याकडे कल दिसला (पी 0.06, म्हणजे 0.05 चा नेहमीचा उंबरठा थोडक्यात हुकला), पण 90 दिवसांनी आणि वर्षाने फायदा उरला नाही. फक्त 28 दिवसांचा आकडा देणाऱ्या लहान पेपराकडे याच नजरेने बघावं. प्रत्यारोपण झालेल्यांना 'जिवंत' धरलं की वेगळं मोजलं, हेही वाचा.

जुन्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात सगळ्यात जास्त फसगत इथे होते: औषध मिळालेले रुग्ण जास्त जगले असं दिसतं, कारण औषध सुरू होईपर्यंत जगलेलेच त्या गटात येतात. भरतीनंतर पहिल्या दोन दिवसांत गेलेले आपोआप 'औषध न मिळालेल्या' गटात मोजले जातात. हे टाळण्यासाठी दोन्ही गटांची मोजणी एकाच टप्प्यापासून केली का, ते पद्धतीच्या भागात असतं. तिथे काहीच नसेल तर तो पेपर मी वजनात धरणार नाही.

आतड्याच्या आजारांचं थोडक्यात: आयबीएसमध्ये (आतड्याच्या कार्यातला बिघाड, पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी) प्लासिबोचाच गुण मोठा असतो, तेव्हा प्लासिबोविना काही मानू नका. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) एंडोस्कोपीचे व्हिडिओ, कोणता रुग्ण कोणत्या गटात हे माहीत नसलेल्या तज्ज्ञांनी तपासले का, हे विचारा. हिपॅटायटिस सीमध्ये मापन स्वच्छ आहे: उपचार संपल्यावर 12 आठवड्यांनी रक्तात विषाणू नाही.

शेवटी, चाचणीचा नोंदणी क्रमांक घेऊन नोंदणीच्या संकेतस्थळावर सुरुवातीला जाहीर केलेलं मुख्य मापन पेपरातल्या मापनाशी ताडून पाहा. दोन्ही वेगळी असतील आणि पेपरात कारण दिलेलं नसेल, तर त्याच लेखकांचे बाकीचे पेपरही त्याच चाळणीतून घाला. पेपर मागे घेतला असल्यास पबमेडच्या पानावर तशी सूचना दिसते, तीही बघायला विसरू नका.