शिवण-विचारणा: पोतंभर डेनिमचे तुकडे आणि एक जॅकेट

प्रश्न: अक्का, माझे दाजी बळ्ळारीला जीन्सच्या युनिटमध्ये कटिंगला आहेत, ते परवा येताना पोतंभर तुकडे घेऊन आले. दोन-चार मीटरभर, बाकी हातभर नाहीतर वीतभर, सगळे निळेच खरं एकसारखे निळे नाहीत. मला डेनिम जॅकेट शिवायचंय. आई म्हणते वाकळ शिव आणि गप बस. घरात तिची पायमशीन आहे. होईल का जॅकेट?
कॉलेजवाली, खानापूर

उत्तर: होईल की. आणि बरं का, जॅकेट मुळात तुकड्यांचंच असतं. एखाद्या मैत्रिणीचं रेडिमेड जॅकेट आण आणि पलंगावर पसरून बघ, पुढं वर योक म्हणजे खांद्याजवळचा आडवा तुकडा, त्याच्याखाली उभ्या पट्ट्या, मागं परत योक आणि तीन पट्ट्या, बाहीसुद्धा दोन भागांची, वर कॉलर, कफ, कमरेचा पट्टा. अखंड मोठं कापड लागतं ते बाहीलाच, म्हणून ते मीटरभरचे तुकडे आधी बाहीला बाजूला काढून ठेव, त्यांना दुसरीकडं हात लावू नकोस. सगळे तुकडे चौकोन-चौकोन जोडून आधी मोठी चादर करायची आणि मग त्यातनं जॅकेट कापायचं, असं बरेच जण करतात, मला ते अजिबात पटत नाही. नको तिथं शिवण येते, मुंढ्यात आली की हात वर होत नाही.

आता तुकडे निवडायचे कसे. रंगावर जाऊ नकोस, आधी वजन बघ, डेनिमचं वजन एका चौरस याराला किती औंस असं सांगतात. पोत्यात आठ औंसाचं शर्टाचं डेनिम पण असणार आणि चौदा औंसाचं पण, दोन्ही शेजारी शेजारी आले की पातळ बाजू चुण्या पडून बसते. लेबल नसलं तरी वजन काढता येतं, दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा बरोबर चौकोन काप, गावातल्या सोनाराच्या काट्यावर ठेव, जेवढे ग्रॅम येतील त्याला शंभरानं गुण, की एका चौरस मीटरचं वजन आलं. 3.4 ग्रॅम भरलं म्हणजे चौरस मीटरला 340 ग्रॅम, आणि चौरस मीटरपेक्षा चौरस यार लहान, म्हणून याराला साधारण दहा औंस. तुझ्या पायमशीनला आठ ते दहा औंस झेपतं. बाराच्या वरचं ठेव पिशव्यांना. ओढल्यावर रबरासारखं ताणतं ते पण बाजूला, ताणणारं आणि न ताणणारं एका शिवणीत बसत नाही.

मग धुणं. कारखान्यातलं कापड कोरं असतं, काही आटवून आलेलं असतं, काही नाही. आटवलेलं असेल तर फार तर तीन टक्के जातं, न आटवलेलं दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, आणि तुझ्या पोत्यात दोन्ही असणार. म्हणून कापायच्या आधी प्रत्येक जातीच्या एका तुकड्यावर वीस सेंटिमीटरचा चौकोन दोऱ्यानं घाल, मशीनच्या टिपेनं नाही हातानं, आणि सगळे तुकडे गरम पाण्यात धुऊन वाळवून परत मोज. वीसचे एकोणीस झाले तर पाच टक्के गेले. आणखी एकदा धू, परत मोज, आटायचं थांबेपर्यंत. खानापुरात पावसाळ्यात डेनिम वाळत नाही हे तुला मी सांगायला नको, तेव्हा हे काम उघडीप बघून कर, दमट कापड कापलंस तर मापं हलतात.

ताणा-बाण्याचं पण बघ. डेनिममध्ये उभा धागा निळा रंगवलेला असतो आणि आडवा पांढरा, म्हणून उलट्या बाजूनं ते फिकट दिसतं. कडेचा एक दोरा ओढून काढ, निळा निघाला तर तो ताणा. तो अंगावर वरून खाली यायला पाहिजे, सगळ्या तुकड्यांत. एखादा आडवा लावलास तर त्याचा निळा वेगळाच दिसतो आणि तो आटतो पण वेगळा. छटेचं मग सोपं आहे, गडद योक, कॉलर आणि कफाला, फिकट पट्ट्यांना, डाव्या-उजव्याला जोडीनं एकच छटा, मग ते उरलेलं नाही, ठरवून केलेलं वाटतं. एखादा योक उलट्या बाजूनं लावलास तरी झकास.

पेपर कटिंग शर्टाच्या मापावर करू नकोस, जॅकेट शर्टाच्या वर घालायचं असतं, छातीला चारेक इंच मोकळीक ठेव. आणि एकदा मांजरपाटाचं कच्चं शिवून घालून बघ, हात पुढं कर, एसटीत वरचा दांडा धरतेस तसा वर कर, तिथं ओढलं तर कागदातच सुधार.

आईला सांग वाकळ डेनिमची नको, तीन पदरांतनं हातानं धावदोरा घालायचा म्हणजे बोटांची साल जाईल. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंदी म्हणजे त्यांची गोधडी करतात ना, कडेपासून सुरू करून आत आत धावदोरा घालत नेतात, ती जमते कारण जुन्या साड्या-लुंग्या मऊ झालेल्या असतात.

प्रश्न: अक्का, जॅकेट जवळजवळ झालंय, खरं कमरेचा पट्टा लावताना बाजूची शिवण आली की सुई मोडते, नाहीतर टिपा सुटतात. मशीन खराब झाली काय?
निपाणी

उत्तर: मशीनला काही झालेलं नाही, तिथले पदर मोज. जीन्सला असते तशी दुमडून दोन टिपांची शिवण घातली की एकावर एक चार पदर होतात, त्यावर पट्ट्याची दुमड आली की आठाच्या घरात गेलं. तिथं मशीनचा पाय, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरतो तो, पुढून वर उचलला जातो, तिरका बसतो, कापड सरकत नाही आणि सुई एकाच भोकात मारत राहते. तेवढ्याच जाडीचा डेनिमचा तुकडा दुमडून पायाच्या मागच्या बाजूला सरकव म्हणजे पाय सपाट बसेल, आणि ती अर्ध्या इंचाची जागा पायडल न मारता चाक हातानं फिरवून पार कर. उंचवट्यावर चढलीस की तुकडा काढ, उतरताना तोच पायाच्या पुढं ठेव. त्याच्याआधी ती जागा फरशीवर ठेवून वर कापड टाकून हातोडीनं चांगली ठोक, हसू नकोस, जीन्स शिवणारे सगळे ठोकतात. आतली माया पायऱ्या-पायऱ्यांनी कापून कमी कर, सगळे पदर एका रेषेत संपले नाहीत पाहिजेत.

सुई सोळा नंबरची घे, डेनिमची. दुकानात जुनी सुई घेऊनच जा, घरगुती मशीनची सुई मागं चपटी असते आणि टेलरच्या मोठ्या मशीनची गोल, नंबर सांगून आणलेली बसेलच असं नाही. वरची पिवळी-तपकिरी जाड टीप घालायची असेल तर जाड दोरा वरच फक्त, बॉबिनला साधा, वरचा ताण थोडा सैल आणि टीप साडेतीन-चार मिलिमीटरची.

प्रश्न: खिशाच्या कोपऱ्याला तांब्याच्या टिकल्या लावायच्याच का? आणि निळा रंग पांढऱ्या शर्टाला लागतोय, मिठाच्या पाण्यात बुडवू का?
वडगाव, बेळगाव

उत्तर: टिकल्यांची गोष्ट अशी की अमेरिकेत जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्यानं मजुरांच्या पँटींचे खिसे फाटू नयेत म्हणून त्या ठोकल्या, आणि कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉसबरोबर 20 मे 1873 ला त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे त्या ताणासाठी होत्या, शोभेसाठी नाही. जॅकेटच्या खिशात तू फार तर मोबाईल ठेवणार, कोपऱ्यावर बारीक दाट झिगझॅग टीप मारलीस तरी पुरे. पायमशीनला झिगझॅग नसली तर सरळ टीपच तिथल्या तिथं चार-पाचदा पुढं-मागं मार. बटणं मात्र ठोकायची जीन्सचीच घे, खडेबाजारात टेलरिंग मटेरियलच्या दुकानात मिळतील, आधी फालतू तुकड्यावर ठोकून बघ.

मीठ नको, व्हिनेगर पण नको, निळीचा रंग त्यानं पक्का होत नाही. निळ सुताच्या बाहेरच्या थरावरच बसलेली असते, आतनं सूत पांढरंच, म्हणून घासलं की निघते. उलटं करून गार पाण्यात चार-पाच वेळा वेगळं धू, पाणी स्वच्छ यायला लागलं की लागणं पुष्कळ कमी होतं. तोवर काळा शर्ट घाल.