चोवीस तासांची बाई ठेवण्याआधी रात्रींचा हिशेब करा

तुमची अडचण मला समजली ती अशी: आईला अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली आहे, वडील ८२ वर्षांचे, दोघंच गोव्यात म्हार्दोळला. बहीण म्हापशाला, तुम्ही पुण्यात. आजाऱ्याला सांभाळायला बायका पुरवणारा ब्यूरोवाला 'चोवीस तासांची एक बाई' देतोय आणि वडील म्हणतात परकी बाई घरात नको.

बाई ठेवा. पण चोवीस तास एकच माणूस, या बोलीवर नको. आईला रात्री तीनदा उठवावं लागत असेल तर तीच बाई सकाळी सहाला ताज्या हातांनी अंघोळ घालू शकत नाही. पंधरा दिवस निभतं, मग चिडचिड सुरू होते, आणि एका रविवारी 'गावाक वचून येतां' म्हणून गेलेली बाई परत येत नाही. ब्यूरोला दोष देऊन उपयोग नसतो. आधी आठवडाभर बहिणीला किंवा वडिलांना वहीत लिहायला सांगा: रात्री किती वेळा उठावं लागतं, कशासाठी. एखाद्याच वेळी उठणं होत असेल तर घरात राहणारी एक बाई चालेल, पण दुपारी दोन-तीन तास सलग झोप आणि आठवड्याची एक सुट्टी आधीच ठरवून. दोन-तीनदा असेल तर दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी. खर्च वाढतो, हो. बाई दर महिन्याला बदलण्यापेक्षा तो परवडतो, कारण दर नव्या बाईला आईचं अंग पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं.

अंग शिकवणं म्हणजे काय, ते मुलाखतीतच विचारून बघा. 'आईंना खाटेवरून खुर्चीत कसं घ्याल?' हात धरून ओढीन, असं उत्तर आलं तर सावध व्हा. लुळ्या हाताला ओढलं की खांदा निखळू शकतो आणि मग व्यायामच बंद पडतो. खुर्ची चांगल्या बाजूला, म्हणजे तुमच्या आईच्या डाव्या अंगाला लावायची आणि आधार कमरेला द्यायचा. ब्लाऊज घालताना उजवा हात आधी, काढताना शेवटी. खाटेवर असताना दर दोन तासांनी कूस बदलायची आणि माकडहाड, टाचा, कोपर रोज बघायचे. कातडी लाल दिसली आणि बोटाने दाबून सोडल्यावरही लालच राहिली, तर ती जखमेची सुरुवात आहे. तिथे चोळू नये, त्या जागेवरचा भार काढावा.

पेजेबद्दल वेगळं सांगते, कारण आपल्याकडे आजाऱ्याला पहिली पेजच देतात. झटक्यानंतर गिळण्याचे स्नायू मंद होऊ शकतात आणि अशा माणसाला पातळ पदार्थच जास्त ठसका लावतो. पेजेची निवळ, चहा, पाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. पाणी पिताना खोकला येतो का, जेवल्यावर आवाज ओला-घोगरा होतो का, ते पाहा. होत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या, ती होईपर्यंत पेज घोटून दाटच द्या. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

इंजेक्शन, लघवीची नळी बदलणं, नाकातून नळी घालणं ही प्रशिक्षित नर्सची कामं. ब्यूरोची बाई 'मला येतं' म्हणाली तरी तिच्याकडून करून घेऊ नका.

वडिलांचं 'नको' मला हट्ट वाटत नाही. घरात देव आहेत, स्वयंपाकघर बायकोचं आहे, आणि आता एक परकी बाई त्यांनाच सांगणार की बाजूला व्हा. म्हणून सुरुवात फक्त सकाळच्या दोन तासांनी करा: अंघोळ, कपडे, खाट. स्वयंपाकघरात तिने पाऊल टाकू नये असं त्यांना वाटत असेल तर पहिले काही आठवडे टाकू नये, डबा लावा. औषधांची वही त्यांच्याच हातात राहू द्या. पण आईला उचलणं त्यांच्याकडून काढून घ्या, नाहीतर न्हाणीत दोघं एकत्र पडतील. आणि सोमवारी मंगेशीच्या पालखीला जायला त्यांना मोकळीक मिळाली, की बाईची बाजू तेच घेतील. हे मी दोन-तीन घरांत पाहिलंय.

बाहेरगावच्या बाईचं आधार कार्ड पाहून पोलीस स्थानकात नोंद करा. पगारातले तिच्या हातात किती पडतात, ते ब्यूरोला स्पष्ट विचारा. कॅमेरा लावायचा तर तिला सांगून आणि बाहेरच्या खोलीत. जिथे आईचं अंग पुसतात तिथे मुळीच नको, त्या खोलीत आईचीही लाज आहे.

पावसाळ्याची तयारी वेगळी. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून घालतात ती हवेची गादी विजेवर चालते, म्हणून इन्व्हर्टर हवाच. चादरी वाळत नाहीत, त्यामुळे दुप्पट जोड आणि एकदा वापरून टाकायचे अंडरपॅड घेऊन ठेवा. काखेत, स्तनांखाली, जांघेत कातडी कोरडी ठेवली नाही तर बुरशी धरते. १०८ ला सांगायचा पत्ता खुणेसकट भिंतीवर लिहून ठेवा. घाईत बाईला गावातला वाडा, म्हणजे वस्ती, सांगता येत नाही.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर ते रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे. बाईचा पगार, डायपर, गादी हे सगळं खिशातून, तसा हिशेब धरा.

आता बहिणीबद्दल, थोडं कडू. तुम्ही पैसे पाठवता आणि ती म्हापशाहून बस बदलत येते, हे समान नाही. ब्यूरोशी बोलणं, औषधांची ऑर्डर, बिलं, फिजिओची वेळ, बँक ही फोनवरची सगळी कामं तुम्ही घ्या. तिच्या गाडीभाड्याचे पैसे तिने मागायच्या आधी द्या. आणि चवथीला बाई सुट्टी मागणार, सिंधुदुर्गातली असो की सत्तरी तालुक्यातली. ब्यूरोकडेही तेव्हा बदली माणूस नसतो. बहिणीच्या सासरीही गणपती असेल. ते दिवस तुमचे. रजा आत्ताच टाका आणि गाडीचं तिकीट आरक्षण उघडेल त्याच दिवशी काढा, कारण तेव्हा अख्खं कोकण त्याच गाड्यांत असतं. दोन दिवस आधी या, म्हणजे बाई जाण्यापूर्वी आईला खुर्चीत कसं घ्यायचं ते तिच्याकडून शिकून घेता येईल.