ज्याचा कागद, त्याच्या हातात

प्रिय मुला,

तुझा मेसेज काल रात्री अकराला आला, सोबत ती एक्सेलची फाइल. शिबिराच्या मुलांची पन्नास नावं, प्रत्येक नावापुढे मोबाइलवरच्या स्वभाव-चाचणीत निघालेल्या प्रकाराची चार अक्षरं, सहा गटांचे सहा रंग. मेहनत दिसते. तू विचारलंयस, 'मॅडम, कुठल्या प्रकाराच्या मुलांबरोबर कुठल्या प्रकारची ठेवली म्हणजे गट भांडणार नाही?' आणि अगदी तळाला, जाता जाता लिहावं तसं, 'माझा स्वतःचा प्रकार पुढारपणाचा निघाला नाही. शिबिरप्रमुखपद सोडू का?'

ती शेवटची ओळ वाचून मला राग आला. तुझा नाही, त्या चार अक्षरांचा. दोन वर्षं गावात साफसफाईला सगळ्यांच्या आधी खराटा हातात घेणारा मुलगा बारा मिनिटांच्या मोबाइल-चाचणीला विचारतोय, की मी लायक आहे का! एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४० तास, वर सात दिवसांचं निवासी शिबिर. इतका वेळ तुम्ही एकमेकांना घाम गाळताना बघता. एवढं बघूनही जे कळलं नाही, ते साठ प्रश्नांत कसं कळेल?

पद सोडायचं नाही. हा विषय संपला.

आता फाइलबद्दल. हे प्रकार आले कुठून ते तुला माहीत असायला हवं. स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली माणसाच्या मनाचे कल मांडले: कुणी बाहेरच्या जगाकडे ओढला जातो, कुणी आतल्या. त्यावरून अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावली बेतली आणि सोळा प्रकार केले, प्रत्येकाला चार अक्षरांचं नाव. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. हेतू भला होता, माणसांनी एकमेकांना समजून घ्यावं हा. पण त्याच चाचणीचे आजचे नियम काय सांगतात? चाचणी ऐच्छिक असावी, निकाल त्या माणसाला द्यावा आणि आपला प्रकार कुठला हे शेवटी त्यानेच ठरवावं. कुणाची निवड करायला ती वापरू नये. म्हणजे ज्याचा कागद, त्याच्या हातात. तुझी मोबाइलवरची फुकटची चाचणी तर ती मूळ चाचणीसुद्धा नाही.

आणि तू उलटं केलंस. पन्नास जणांचे कागद तुझ्या हातात आले आणि त्यांच्या हातात काहीच राहिलं नाही.

तू म्हणशील, 'पण मॅडम, सगळे म्हणाले की अगदी बरोबर आलंय.' म्हणणारच. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'खास तुझं' म्हणून एक वर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकपणाला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग कळलं की सगळ्यांना शब्दन् शब्द तेच वर्णन दिलं होतं, बरंचसं एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेलं. आपल्याकडे पत्रिकेत देवगण, मनुष्यगण, राक्षसगण बघतात, तेव्हाही घरोघर हेच ऐकू येतं: 'बघा, म्हणूनच ती अशी तडकते.' एकदा राक्षसगण म्हटलं की त्या मुलीच्या रागामागचं कारण कुणी विचारत नाही. तुझ्या चार अक्षरांनी तुझ्या गटात तेच होणार आहे.

शिवाय बहुतेक माणसं मधोमध असतात. वर्गातल्या मुलांना उंचीप्रमाणे उभं कर आणि मध्येच एक रेघ मार. अलीकडचे उंच, पलीकडचे ठेंगणे. रेघेला खेटून उभ्या असलेल्या दोघांत बोटभराचं अंतर, पण कागदावर एक उंच आणि एक ठेंगणा. म्हणून महिन्याभराने तीच चाचणी पुन्हा दिली की पुष्कळांचं एखादं अक्षर बदलतं. तेवढ्यात माणूस बदललेला नसतो, तो रेघेच्या अलीकडचा पलीकडे गेलेला असतो.

हे सगळं मी ठासून सांगतेय त्याला कारण आहे. मी हे केलंय.

वीस-बावीस वर्षं झाली. एका प्रशिक्षणाहून मी अशीच एक झेरॉक्स प्रश्नावली घेऊन आले होते. माण तालुक्यातल्या एका गावात शिबिर होतं, ओढ्यावर वनराई बंधारा बांधायचा होता. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. मी पन्नास जणांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि चार रंगांचा तक्ता करून वर्गाच्या भिंतीवर, बाराखडीच्या तक्त्याशेजारी चिकटवला. अंतर्मुख निळ्यात. एक मुलगी निळ्यात आली. सभेत तोंड उघडत नसे, म्हणून मला पटलंच. तिला कोठी दिली. तूरडाळ तीन किलो, गोडेतेल दोन किलो, शिल्लक अमुक. अशा सुबक अक्षरातली तिची वही मी अजून जपून ठेवली आहे. सर्वेक्षणाला घरोघर जायचं, ग्रामसभेत बोलायचं, ही कामं पिवळ्या रंगाला. दुसऱ्या वर्षी पुन्हा तीच कोठी, कारण तक्ता होता आणि वही चोख होती.

पुढे किती तरी वर्षांनी ती मला एसटी स्टँडवर भेटली, कडेवर मूल. मी आपली कौतुकाने म्हणाले, तुझ्यासारखी कोठी पुन्हा कुणी सांभाळली नाही. ती हसली आणि म्हणाली, 'मॅडम, तक्त्यावर नाव बघितलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, आता आपल्याला बोलायला कोन सांगनार नाही.'

कोन. सांगनार. मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. पहिल्याच आठवड्यात ती कॉलेजच्या बैठकीत 'पानी' म्हणाली होती आणि मागच्या बाकावरची चार मुलं हसली होती. मीही तिथेच होते. त्यांना दटावलं नाही. ती गप्प झाली ती तेव्हापासून. प्रश्नावलीत विचारलं होतं, 'समूहात बोलायला तुम्हाला आवडतं का?' तिने 'नाही' लिहिलं. खरंच लिहिलं. पण ते उत्तर तिच्या स्वभावाबद्दलचं नव्हतं, आमच्या समूहाबद्दलचं होतं. आमचं हसणं मी तिच्या नावावर मांडलं, निळा रंग दिला आणि भिंतीवर लावलं. आणि तिला त्यात बरं वाटलं, याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

तो कागद तिच्या हातात असता तर? मी शेजारी बसून विचारलं असतं, 'हे "नाही" कशामुळे?' तर कदाचित तिने सांगितलं असतं. मी विचारलंच नाही, कारण माझ्याकडे उत्तर होतं.

मी निष्काळजी होते असं मात्र समजू नकोस. पन्नास मुलं, दोन संडास, एक चूल, सकाळी सहाला श्रमदान, गावच्या मानापमानाची वेगळी काळजी. रात्रीतून कामं वाटायची म्हणजे काहीतरी आधार लागतो. माझ्या जागी कुणीही तो तक्ता वापरला असता, आणि त्याने काही कामं सोपी झाली हेही खरं आहे. त्याच शिबिरात दोन गटनायकांची रोज जुंपायची. एकाला रात्रीच उद्याचं सगळं ठरवून हवं, दुसरा म्हणे जागेवर गेल्यावर बघू. दोघं एकमेकांना आळशी आणि हेकट म्हणत. प्रश्नावली वाचून त्यांना पहिल्यांदा कळलं की समोरचा मुद्दाम छळत नाहीये, त्याची कामाची रीतच ती आहे. मग त्यांनी वाटणी केली: दगडमाती, पोती, अवजारं यांचा हिशेब पहिल्याने रात्री करायचा, बंधाऱ्यावर कोण कुठे उभं राहील ते दुसऱ्याने सकाळी ठरवायचं. बंधारा उभा राहिला. म्हणून मी या प्रकारांना टाकाऊ म्हणत नाही. भांडणाला शब्द मिळतात, तेवढा त्यांचा उपयोग. पण लक्षात घे, ते दोघं आपापला कागद आपण वाचत होते. मी वाचून दाखवला नव्हता.

तुझा मूळ प्रश्न, कुणाबरोबर कोण. याचं उत्तर प्रकारांच्या जोडीत नाहीये. इंग्लंडमध्ये मेरेडिथ बेल्बिन यांनी वर्षानुवर्षं गटांना स्पर्धात्मक खेळ खेळायला लावून अभ्यास केला. सगळे हुशार एका गटात घातले तर तो गट जिंकेल असं वाटावं. तसे गट बऱ्याचदा मागे पडले, कारण प्रत्येक जण दुसऱ्याचं म्हणणं खोडण्यात गुंतलेला. त्यांनी बघितलं ते गटातलं वागणं: कोण काम तडीस नेतो, कोण चुका हेरतो, कोण भांडण मिटवतो. आणि एकच माणूस दोन-तीन भूमिका करू शकतो. घमेल्यांची साखळी आठव. भराभर देणारा आणि सावकाश घेणारा शेजारी आले की माती सांडते. तेव्हा आपण काय करतो? दोघांना समोरासमोर तोंड करून उभं करतो, म्हणजे हात दिसतात. कुणी त्यांचे स्वभाव तपासत बसत नाही.

म्हणून असं कर. शिबिराच्या पहिल्या रात्री, जेवणं झाल्यावर, प्रत्येकाला त्याचा त्याचा निकाल कागदावर दे. फक्त त्याला. ज्याला नको त्याला नको. जे पटत नाही त्यावर त्याने पेनाने काट मारायची. काट मारायला लाव, कारण छापलेल्यावर काट मारायची आपल्या मुलांना सवय नाही. मग ज्याची इच्छा असेल त्याने गटाला एकच वाक्य सांगायचं: 'माझ्याबरोबर काम करताना एवढं लक्षात ठेवा.' कुणी म्हणेल, मला लगेच सुचत नाही, थोडा वेळ द्या. कुणी म्हणेल, मी मोठ्याने बोलतो पण रागावलेलो नसतो. अक्षरं कुणी सांगायची नाहीत. कागद घडी घालून ज्याच्या त्याच्या खिशात.

त्या वाक्यांवरून गटाचे नियम करा. निर्णय रात्री पक्का न करता सकाळच्या चहाला करायचा, म्हणजे रात्री विचार करणाऱ्यांना तोंड फुटतं. बैठकीत प्रत्येकाला तीन चिंचोके द्यायचे. बोललं की एक वाटीत टाकायचा, संपले की ऐकायचं. हे मी पुढच्या सगळ्या शिबिरांत केलं. पहिल्या दिवशी बडबडे वैतागतात आणि गप्प मुलांच्या मुठीत चिंचोके तसेच राहतात. त्यांना टोकू नकोस. आणि कुणी कुणाच्या 'पानी'ला हसलं तर बैठक तिथेच थांबव. हे तुझं काम आहे, चाचणीचं नाही.

आणि कामं रोज फिरव. कोठी, पाणी, सर्वेक्षण, श्रमदान, नोंदी, रात्रीचा कार्यक्रम. पहिले दोन दिवस पोळ्या करपतील, सर्वेक्षणाचे फॉर्म अर्धवट येतील, सरपंच तुला विचारतील की मागच्या वर्षीची मुलं बरी होती का. सहन कर. तुझ्या फाइलमधली ती मुलगी म्हणालीये ना, 'मी आय आहे, म्हणजे अंतर्मुख, मला सर्वेक्षणाला पाठवू नका'? तिच्यावर जबरदस्ती करू नकोस. पण फॉर्मवर खूण करून गप्पही बसू नकोस, जसा मी बसले. तिच्याशेजारी बसून विचार, कशामुळे. उत्तर काहीही असेल. कदाचित खरंच अनोळखी दारात उभं राहणं तिला जड जात असेल, कदाचित मागच्या वर्षी कुणी तरी दारात काही बोललं असेल. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि अक्षर दोन्हीला एकच आहे.

मी शिबिराला तिसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने येते. चिंचोके माझ्याकडे डबाभर आहेत, ते आणते. ती कोठीची वहीही आणते, बघ कशी लिहितात. तू मात्र आज रात्रीच पन्नास जणांचे निकाल वेगवेगळ्या कागदांवर छापून घे आणि ती फाइल काढून टाक. ग्रुपवर टाकली असशील तर तिथूनही. काढलीस की मला कळव.

तुझी
मॅडम