उदासिनीकरण पूर्ण, तरी सामू 7 का नाही?

प्रश्न : सोडियम हायड्रॉक्साइड हे आम्लारी वापरून ॲसेटिक आम्लाचे अनुमापन (एका द्रावणाला दुसरे किती लागते हे मोजून त्याचे प्रमाण काढणे) करताना फिनॉल्फ्थॅलिन हाच दर्शक (रंग बदलून शेवट दाखवणारा पदार्थ) घ्यावा, असे आम्हाला सांगितले जाते. हा दर्शक सामू (pH, द्रावणाच्या आम्लतेचे माप) 8.2 च्या पुढे गुलाबी होतो. उदासीन द्रावणाचा सामू तर 7 असतो. मग दर वेळी आम्लारी जास्त पडत नाही का?

उत्तर : नाही; उलट सामू 7 ला थांबलात, तर आम्लारी कमी पडेल. या आम्लाच्या प्रत्येक मोलमागे आम्लारीचा एक मोल खर्ची पडला की उदासिनीकरण पूर्ण होते. त्या क्षणी सामू किती असेल, हे मात्र तयार झालेल्या क्षारावर ठरते. हायड्रोक्लोरिक आम्लापासून मिळणाऱ्या सोडियम क्लोराइडचे आयन पाण्याशी अभिक्रिया करीत नाहीत, म्हणून तेथे 25 अंश सेल्सिअसला सामू 7 मिळतो. ॲसेटिक आम्ल सौम्य, म्हणजे आपला प्रोटॉन सहजी न सोडणारे असल्यामुळे त्याचा ॲसेटेट आयन पाण्याकडून थोड्या प्रमाणात प्रोटॉन परत घेतो आणि द्रावणात हायड्रॉक्साइड आयन मागे उरतात, म्हणून सामू 7 च्या वर जातो.

दोन्ही द्रावणे 0.1 मोलर असून शंकूपात्रात 25 मिलि आम्ल घेतले असेल, तर ब्युरेटमधून 25 मिलि आम्लारी पडल्यावर सामू सुमारे 8.7 होतो. सामू 7 त्याआधीच, 24.86 मिलिच्या आसपास, येऊन गेलेला असतो; तेथे थांबल्यास जवळजवळ तीन थेंबांचा फरक पडतो. पुढे 24.95 ते 25.05 मिलि या दोन थेंबांत सामू 7.4 वरून 10 वर चढतो, आणि फिनॉल्फ्थॅलिनचा रंगबदल नेमका या चढणीत बसतो. मिथिल ऑरेंज येथे निरुपयोगी आहे, कारण एक तृतीयांश आम्ल संपते न संपते तोच ते पूर्ण पिवळे झालेले असते, आणि तेही इतके सावकाश की कोणत्या थेंबाला थांबावे हे कळत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लाला मात्र दोन्ही दर्शक चालतात. तेथे त्याच दोन थेंबांत सामू 4 वरून 10 वर जातो. (शिकवताना पहिले उदाहरण बहुधा याच आम्लाचे असते, तुमचा समज तेथूनच आला असावा.)

प्रश्न : अंत्यबिंदूनंतर, म्हणजे दर्शकाचा रंग बदलल्यावर, थोड्या वेळाने गुलाबी रंग उडतो. आणखी एक थेंब घालावा का?

उत्तर : घालू नये. हवेतील कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळून सामू खाली आणतो, म्हणून रंग जातो. पात्र हलवल्यावर फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली, तर तेच वाचन ग्राह्य धरावे.